शेजारचा दात

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून केलाय, तोही कंबर दुखत असताना, हे ध्यानात घे.

परीक्षा परवा झाली. फोन करणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं, तू ‘काय?’ म्हणायचंस आणि वरच्या मजल्यावरच्यांनी फरशी ठोकायची. इतकी वर्षं त्या कवळ्या घासायच्या मोटारीपाशी बसून कानांची वाट लावून घेतलीस, आता पत्रंच बरी.

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर माणसाऐवजी एक रबरी डोकं. तोंडात प्लास्टिकचे दात, मागून स्क्रूने पिळलेले. वरची डावी दाढ कॅप बसवण्यासाठी कोरायची होती, दीड तासात. डोकं थुंकत नाही, कण्हत नाही, ‘अजून किती वेळ?’ असं विचारत नाही. असं गिऱ्हाईक तुला जन्मात एकदा तरी मिळायला हवं होतं.

सगळं व्यवस्थित झालं. एका ठिकाणी तर तुझं शिकवणंच कामी आलं. कुठे, ते निकालानंतर सांगेन.

निकाल टपालाने येतो, दहा आठवड्यांनी. तिकडे अकरा वर्षं दवाखाना चालवला, पण या देशाचा परवाना हातात पडेपर्यंत मी इथे दातांची डॉक्टर नाही. ही तिसरी वेळ. चौथी देत नाहीत. तोवर इथल्या एका दवाखान्याच्या तळघरातली खोली आणि मी. वर डॉक्टर काम करतात, खाली मी त्यांची हत्यारं धुते, पुसते, पाकिटात भरून वाफेच्या पेटीत ठेवते. तुझे जावई म्हणतात, ‘दिलीस ना परीक्षा? मग विषय बंद.’ लेक मात्र शाळेतून येताना रोज पत्रपेटी उघडून बघते. दोनच दिवस झालेत, पण सांगणार कोण तिला.

तुझा दात खिशात घेऊन गेले होते. पत्र्याच्या पिवळ्या डबीतला, मी अकरा वर्षांची असताना दिलेला. वरची पहिली उपदाढ, दोन मुळं, कुठे कीड नाही की डाग नाही. कॉलेजात सगळे विचारायचे, इतका धड दात काढला कुणी? मी सांगायचे, कुणीतरी जिन्यावरून पडलं होतं, मामानेच सांगितलंय.

तब्येतीचं खरं खरं लिही.

तुझी,
चावरी


१९ फेब्रुवारी

चावरे,

(दीड वर्षाची असताना माझ्या अंगठ्याला घेतलेला चावा अजून दिसतो. तेव्हा परवाना मिळाला तरी नाव बदलणार नाही.)

आशीर्वाद. तोंड उघड, मोठा आ कर, मावतील तेवढे घे.

पत्र वाचलं आणि इस्त्रीवाल्याला, केस कापणाऱ्याला आणि औषधाच्या दुकानातल्याला सांगून आलो. औषधवाला म्हणाला, निकाल लागायचाय ना अजून? मी म्हटलं, तिचा हात मी बघितलाय, तू गोळ्या मोज. एवढ्यावर तो तीन दिवस बोलत नव्हता.

माझं कोणतं शिकवणं कामी आलं ते सांगायला निकाल कशाला लागतो? मेणात दाढ कोरणं? का घासणं? घासणंच असेल. स्टुलावर उभी राहून तू चाकावर कवळ्या घासायचीस आणि मी बजावायचो, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस. डोळ्याला न दिसलेला चरा गिऱ्हाइकाच्या जिभेला पहिल्या घासाला सापडतो. तू म्हणायचीस, मग जीभ लावून बघू? आणि लावायचीस, पावडरीसकट!

मला परवाना कसला, साधं सर्टिफिकेटही नव्हतं. पाटीवर ‘दात बसवून मिळतील’ एवढंच लिहिलेलं. काढून मिळतील असं कधी लिहिलं नाही, तरी लोक गाल धरून यायचे आणि मी काढायचो. तू सहावीत होतीस तेव्हा हात दुखायला लागल्याचं निमित्त झालं आणि ते सोडलं. आता फक्त कवळ्या. तुझी गोष्ट वेगळी. तू सरळ रस्त्याने गेलीस, आणि याचं मला काय वाटतं ते लिहायला बसलो तर कागद ओला होईल.

परवा पाढ्यांच्या बाई आल्या होत्या. एकोणतीसचा पाढा येईना म्हणून ज्यांनी तुला बाकावर उभं केलं होतं, त्याच. वरचे राहिलेले चार दातही आता गेले. कवळी तुमच्याकडूनच करणार म्हणाल्या. पुढच्या महिन्यात हिरड्या भरून आल्या की माप घ्यायचं आहे.

तब्येत बरी आहे. खरं खरं लिहिलंय.

आणि तो दात कशाला सांभाळतेस? जुनं हाड ते. टाकून दे.

मामा


८ मार्च

प्रिय मामा,

घासणंच. बरोबर ओळखलंस. पण तू ज्या अर्थाने खूश झालास तसं ते नाही, म्हणून निकालाची वाट न बघता लिहिते आहे.

परीक्षेत शेवटची बारा मिनिटं उरली होती. दाढेची पुढची बाजू कोरताना ड्रिल घसरलं आणि शेजारच्या दाताला टेकलं. पापणी लवते तेवढा वेळ. त्या दाताला चरा पडला, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा असेल. कोरायच्या दाढेचं कौतुक नसतं, मामा. शेजारच्या धड दाताला हात न लावता ती कोरली का, हेच बघतात. उत्तरपत्रिकेवर खाली एक चौकोन असतो. शेजारच्या दाताला धक्का लागला असेल तर कुठे आणि किती, ते आपण होऊन त्यात लिहायचं. लिहिलं की गुण जातात. किती, ते कुणी सांगत नाही.

मी लिहिलं नाही. रबराचा कप लावला, पावडर घेतली आणि तू शिकवलंस तसं, हात हलका ठेवून, गोल गोल घासलं. नख फिरवलं, अडकलं नाही. भिंगातून बघितलं, दिसलं नाही. मग सवयीने मनात आलं, आता जीभ. आणि तेव्हा लक्षात आलं की त्या डोक्याला सगळं होतं, गाल होते, ओठ होते, फक्त जीभ बसवलेली नव्हती. म्हणजे हे कुणालाही कधीच कळणार नव्हतं. मी चौकोन रिकामा सोडला आणि कागद देऊन टाकला.

खऱ्या तोंडातही मी घासलंच असतं. पण माणसाला सांगितलं असतं. चरा पडलेला दात पुढे पाच-सात वर्षांनी किडतो, तेव्हा डॉक्टर विसरलेला असतो आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

परीक्षा मंडळाला पत्राने कळवता येतं. कळवलं तर या वेळचे गुण जातील, आणि पुढची वेळ नाही. घरात हे कुणालाच सांगितलेलं नाही. जावई गेली चार वर्षं दोन पाळ्या करताहेत ते माझ्या या कागदासाठी. मी रोज संध्याकाळी त्यांचे बूट दाराशी बघते आणि तोंड उघडत नाही.

तू सांग. तू सांगशील तसं करीन.

आणि तो दात टाकून दे का म्हणालास? मला वाटलं होतं, तो मी परीक्षेला नेला याचं तुला बरं वाटेल.

चावरी


२१ मार्च

चावरे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

कुणालाही काहीही लिहायचं नाही.

प्लास्टिकचा दात तो. त्याला ना रक्त ना नस. त्याला कीड लागणार नाही, ठणका लागणार नाही, तो दात घेऊन कुणाला जेवायला बसायचं नाही. त्यांनी डोक्याला जीभ बसवली नाही ही त्यांची चूक, तुझी नव्हे. तू अकरा वर्षं खऱ्या माणसांच्या तोंडात काम केलंस आणि लोक परत परत आले. तिथे काय ते ठरलं. एका रबरी बाहुलीसाठी चार वर्षं पाण्यात घालणार? जावयांची, लेकीची? हत्यारं धुण्यात जन्म काढायचाय?

मन खातंय ना? खाऊ दे थोडे दिवस. सगळ्यांचंच खातं. माणूस कामाला लागला की त्याचाही विसर पडतो. मी सांगतो ना.

दाताचं पुन्हा विचारू नकोस.

मामा


६ एप्रिल

प्रिय मामा,

बरं. नाही लिहीत.

तुझं पत्र वाचून आधी हायसं वाटलं. कुणीतरी ‘गप्प बस’ म्हणावं याचीच मी वाट बघत होते बहुतेक. मग लक्षात आलं, तू मला असं कधी लिहिलेलं नाहीस. एक चिमटा नाही, थट्टा नाही. ‘सगळ्यांचंच खातं’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. रागावला आहेस का माझ्यावर?

निकालाला अजून आठवडा आहे. लेक आता पत्रपेटीत हात घालून वरच्या कोपऱ्यातही चाचपून बघते, पत्र कुठे चिकटलं असेल तर म्हणून. जावयांनी दवाखान्यासाठी पडदे कुठल्या रंगाचे, ते विचारलं. मी म्हटलं, पांढरे. दवाखान्याला कसले पडदे हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. बोलायला काहीतरी हवं असतं.

मागच्या आठवड्यात एक झालं. हत्यारांची पाकिटं द्यायला वर गेले होते. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई एका माणसाची दाढ कोरत होत्या. हात थांबला, ड्रिल बाजूला ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, “तुमच्या शेजारच्या दाताला माझा धक्का लागला. घासून देते. दर सहा महिन्यांनी तो मला दाखवत जा, त्याची काळजी मी घेईन.” तो माणूस तोंडात नळी असल्यामुळे नुसता ‘अं’ म्हणाला. झालं. एवढंच. त्यांनी पुन्हा ड्रिल उचललं. मी पाकिटं टेबलावर ठेवली आणि खाली येऊन नळ सोडून उभी राहिले. किती सोपं होतं ते. बारा मिनिटं होती माझ्याकडे आणि एवढं एक वाक्य मला लिहिता आलं नाही.

पण तू म्हणतोस तसं करते. विषय बंद.

बाईंचं माप घेतलंस का? त्यांना सांग, एकोणतीसचा पाढा आता येतो, एकोणतीस सत्ते दोनशे तीन.

चावरी


१४ एप्रिल

चावरे,

तुझ्यावर मी कशाला रागावू? हे पत्र सरळ वाच, मध्ये थांबू नकोस. मी थांबलो तर लिहिणार नाही, म्हणून मीही थांबत नाही.

गेल्या सोमवारी बाईंचं माप घेतलं. वरच्या हिरडीचा साचा ओतला, सुकला, हातात घेतला. डावीकडे, जिथे दोन उपदाढा असतात, तिथे हिरडी खोल बसलेली. बाकीचे दात गेले आत्ता, हे दोन गेले सत्तावीस वर्षांपूर्वी. मी काढले. माझ्याच खुर्चीत.

त्या दिवशी बाई गाल धरून आल्या होत्या. मागची उपदाढ काळी पडली होती, पुढची धड. भूल दिली, चिमटा लावला, ओढला. हातात आला तो पांढरा. दोन मुळं, कीड नाही, डाग नाही. मी पुढचा काढला होता. शेजारचा. कसा, ते मला आजही सांगता येत नाही. परवान्याचा कागद असलेल्या माणसाच्या हातूनही होत असेल, पण माझ्याकडे तो नव्हता, म्हणजे मी त्या तोंडात हात घालायलाच नको होता. बाईंचे डोळे मिटलेले. मी म्हटलं, “बाई, दोन्ही किडलेत. दोन्ही काढावे लागतील.” त्यांनी मान हलवली. मी दुसरा काढला, कापूस कोंबला आणि घरी पाठवलं. त्यानंतर चिमटा पुन्हा हातात धरला नाही. हात कधी दुखत नव्हता माझा.

तो पांढरा दात टाकवेना आणि घरात ठेववेना. त्या संध्याकाळी तू आलीस. मी तो धुतला आणि तुला दिला. वर शिकवत बसलो, हे शिर, ही मान, ही मुळं. तू काय हरखली होतीस! जिन्यावरून कुणी पडलं नव्हतं, पोरी. तुझ्या डबीतला दात बाईंचा आहे.

डॉक्टर हो, डॉक्टर हो, म्हणून मी तुझ्या आईचं डोकं खायचो, ते का, हे आता तुला कळलं असेल. आपल्या घरात एक तरी हात परवाना घेऊन तोंडात जाणारा असावा, असं वाटायचं.

परवा बाई मेणाची कवळी घालून बघायला आल्या. मला राहवलं नाही. तुझी पत्रं कपाटावर होती, माझं तुला लिहिलेलं डोक्यात होतं. मी म्हटलं, “बाई, तेव्हा एकच दात किडका होता. दुसरा धड होता. मी चुकून काढला आणि तुमच्याशी खोटं बोललो.” त्या काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? तर त्या वर्गात बोलायच्या तशा आवाजात म्हणाल्या, “माहीत आहे मला! जीभ आहे ना मला!” समोरच्या दुकानातला इस्त्रीवाला इस्त्री थांबवून बघायला लागला.

त्या म्हणाल्या, रोज जीभ तिथे जायची. एक ठणकत होता, एक नव्हता, हे ज्याचं तोंड त्याला कळत नाही का? मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तुमचं सगळं घर माझ्याकडे पाठवलंत, नणंद पाठवलीत, सासू पाठवलीत. तर म्हणाल्या, “वर्गात खोडी झाली की मी एकदा विचारायची, कुणी केलं? आणि मग गप्प बसायची. ज्याने केलं तो उठेपर्यंत. तुम्ही फार वेळ लावलात.”

रडलो मी. सत्तरीचा बाप्या, कवळीवाला, गिऱ्हाइकासमोर.

मागचं पत्र लिहिणारा माणूस घाबरट होता. तू मंडळाला लिहावंस असं मी म्हणत नाही, लिहू नकोस असंही नाही. परीक्षा तुझी, घर तुझं. फक्त मी सांगितलं म्हणून गप्प बसू नकोस. मी ते तुझ्यासाठी सांगितलं नव्हतं, माझ्यासाठी सांगितलं होतं.

मामा


१७ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही.

निकाल आज आला. पास.

लेक पत्र घेऊन जिना चढतानाच ओरडत होती. पाकीट जावयांनी फोडलं, माझे हात ओले होते. ते वाचून खुर्चीत बसले आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बूट न काढता पाय लांब केले. लेक सोफ्यावर नाचायला लागली. मी हात पुसून गुणपत्रिका हातात घेतली. दाढेची उंची, दाढेची कड, सगळीकडे आकडे. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: ‘शेजारच्या दातास इजा: नाही. पूर्ण गुण.’

सबंध पत्रिकेत पूर्ण गुण तेवढ्या एकाच ओळीत होते, मामा.

मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. लेक नाचायची थांबली. जावयांनी पाय जवळ घेतले. मग त्यांनी विचारलं, “चौकोन केवढा होता?” मी बोटांनी दाखवला. “एवढाच?” म्हणाले. मग उठून बूट घट्ट बांधले आणि म्हणाले, “लिही. मी पेटीत टाकून येतो. उद्यावर गेलं तर तू लिहिणार नाहीस, आणि मीही तुला लिहू देणार नाही.” त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

चार ओळी लिहिल्या. चरा कुठे होता, केवढा होता, मी तो घासला आणि चौकोन रिकामा ठेवला. ते टाकून आले. आता जेवणं झाली आहेत आणि घरात कुणी रेडिओ लावलेला नाही.

तुझं ऐकलं नाही. रागवायचं असेल तर पत्रात रागव, मोठ्या अक्षरांत.

चावरी


१२ मे

प्रिय मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं आलं तेव्हा माझं पेटीत पडून चार दिवस झाले होते.

मंडळाचं उत्तर काल आलं. निकाल रद्द. चौथी वेळ नियमात नाही, पण आपण होऊन कळवल्यामुळे तेवढा एक भाग पुन्हा देता येईल, आठ महिन्यांनी, एकदाच. त्यात गेले तर कायमची गेले. तोवर तळघर. जावयांनी तिसरी पाळी घेऊ का विचारलं, मी नको म्हटलं. पडद्यांचा विषय कुणी काढत नाही. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. काल वाफेच्या पेटीचं झाकण लावताना रडूही आलं. पण लेक पत्रपेटी उघडायला गेली की आता मी दुसरीकडे बघत नाही.

आता दाताबद्दल. तुझं पत्र वाचून मी ती डबी उघडली आणि दात हातात घेता आला नाही. याच दातावर मी सगळं शिकले. पहिल्या वर्षी वहीत चित्र काढलं ते याचं. तोंडी परीक्षेत बोलताना डोळ्यासमोर हाच. बाई मला पाढे शिकवत होत्या आणि त्यांचा दात माझ्या दप्तरात होता. तुझ्यावर रागावले, मामा. दोन दिवस खूप रागावले. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात काय ठेवलंस तू! मग तुझं ‘टाकवेना आणि घरात ठेववेना’ पुन्हा वाचलं आणि राग कुठे धरायचा ते कळेना.

डबी या पत्रासोबत पाठवते आहे. कापूस नवा घातलाय. बाईंचा आहे, बाईंना दे. त्यांनी फेकून दिला तरी चालेल. त्यांना म्हणावं, मी तो नीट सांभाळला.

चावरी


२ जून

चावरे,

डबी पोचली. पोस्टमनने हलवून बघितली आणि विचारलं, आत काय वाजतंय? मी म्हटलं, दात. तो हसला. मी हसलो नाही.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. मोठ्या अक्षरांत लिहायचं म्हणतेस, तर लिहितो: शाबास. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. वयाने लहान असले तरी नमस्कारच.

आठ महिने तुला लांब वाटतील. मी रोज सकाळी दुकान उघडताना तुझं नाव घेईन, ते खरं नाव, चावरी नव्हे. रोज एक प्लास्टिकची दाढ कोरत जा. घाई करू नकोस. शेवटच्या बारा मिनिटांत हात सैल ठेव, घट्ट धरलं की घसरतं.

बाईंना डबी दिली. त्यांनी चष्मा चढवला, कापूस उलगडला आणि दात तळहातावर घेऊन उलटसुलट बघितला. मग मला म्हणाल्या, “कवळीत दात बसवायचे राहिलेत ना अजून?” मी म्हटलं, हो. “मग हा बसवा.”

मी सांगितलं, बाई, इतका जुना दात, रंग जुळायचा नाही, मुळं कापावी लागतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सहावीत गेलो. मुळं कापली. तीन दिवस लागले त्या एका दाताला. तेरा दात डब्यातले आणि एक त्यांचा, डावीकडचा, पुढची उपदाढ. घासून झाल्यावर डोळ्याने बघितलं, नखाने बघितलं, आणि शेवटी तुझ्यासारखी जीभही लावून बघितली.

काल त्या आल्या. कवळी बसवली, तोंड मिटलं. गालाच्या आतून जीभ फिरताना मला दिसत होती, उजवीकडून सुरू झाली, पुढून आली, डावीकडे गेली आणि थांबली. मी सगळ्यांना विचारतो तसं विचारलं, “टोचतंय का कुठे?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग हळूच काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, आणि या वेळी मी ‘काय?’ म्हटलं नाही. चाळीस वर्षं माणसांची तोंडंच बघत आलोय, ओठ वाचता येतात मला.

“हाच,” म्हणाल्या.

मामा

ता. क. डबी परत पाठवतो आहे. रिकामी आहे, तशीच राहू दे.